रानकांद्याच्या दोन जाती आणि एक सावधगिरी

मुलांकडे अमेरिकेला गेलात आणि एप्रिलमध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत फिरलात, तर ओल्या पाचोळ्यातून वर आलेला ‘रॅम्प’ हा रानकांदा आपणांस दिसेल. त्याच्या दोन जाती आहेत. एकीची पाने रुंद, देठ लालसर; दुसरीची पाने अरुंद, देठ पांढरा. दोन्ही खाण्याजोग्या; पान चुरगळताच कांदालसणाचा उग्र दर्प येतो.

तशाच पानांची ‘लिली ऑफ द व्हॅली’ मात्र विषारी. तिच्या पानांना हा दर्प नसतो. तिच्या विषाने हृदयाचे ठोके अनियमित होतात. डिगॉक्सिन घेणाऱ्यांना धोका अधिक. परंतु केवळ वासावर विसंबू नये. उतारवयात घ्राणशक्ती मंदावते. शिवाय पहिल्या पानाचा वास बोटांवर रेंगाळतो. म्हणून रानात डोळे भरून पाहावे. भाजी मात्र जाणकार विक्रेत्याकडूनच घ्यावी.