सहा माणसांचा रकाना

गेल्या वर्षी आम्ही घरात बसून एक अर्ज भरला. दातिवऱ्यात मसाला कांडपाचे यंत्र टाकायचा बेत होता. मार्च ते मे गावातल्या बायका मिरची वाळवतात, देठ खुडतात आणि गोण्या घेऊन कांडपासाठी बाहेर जातात. तेच काम गावात झाले तर चार घरांना रोजी मिळेल, असे वाटले.

अर्ज प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा. योजना २००८ पासूनची. ग्रामीण भागात महिला आणि अल्पसंख्याकांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, पदरचे फक्त ५ टक्के. आमचा हिशेब चार लाखांचा होता: घरचे २० हजार, अनुदान १ लाख ४० हजार, बाकी बँकेचे. किती जणांना रोजगार मिळेल, या रकान्यापाशी आम्ही बोटे मोजली. निवडायला-भाजायला चौघी, यंत्रावर एक, पाकिटे पोहोचवायला एक. सहा लिहिले.

अब्बांनी चष्मा लावून सगळे वाचले. "यात सूद कुठे आहे?"

बँकेत जाऊन विचारले, सुदाचे कर्ज न घेता अनुदान मिळेल का? नाही. अनुदान कर्जालाच जोडलेले. कर्ज मंजूर झाले की अनुदानाची रक्कम तीन वर्षे आपल्या नावे ठेव म्हणून बँकेतच राहते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, असे साहेबांनी समजुतीने सांगितले. उरलेल्या २ लाख ४० हजारांवर लागते.

घरात दोन तट पडले. बोईसरचे मामू म्हणाले, "मोबाइल हप्त्याने घेता तेव्हा नाही आठवत?" अब्बा जेवण अर्धे सोडून उठले. शेवटी अम्मीच्या दोन बांगड्या गेल्या, आणि त्याच मामूंनी कर्जे हसना दिले. लहान यंत्र आले. काम मिळाले दोघींना, तेही हंगामापुरते.

उरलेल्यांपैकी एक आता पहाटेच्या एसटीने सफाळ्याला जाते, तिथून गाडीने बोईसर, तारापूर एमआयडीसीत पाकिटे भरायला. तिचा मुलगा शाळेतून सुटला की आमच्या ओटीवर तिची वाट बघत बसतो. त्याला बघितले की तो सहाचा आकडा आठवतो.

सरकारने कर्ज बिनव्याजी करावे, असा आमचा हट्ट नाही. पण पदरचे पैसे घालून जो दोघींना कामाला लावतो, त्यालाही यंत्राची पावती बघून थोडे अनुदान द्यायला काय हरकत आहे? रोजगार तर तोच.

यंदा धाकट्या बहिणीने शिवणकामासाठी स्वतःच्या नावाने अर्ज उघडला आहे. रकान्यात तिने चार लिहिले. अब्बा शेजारीच मिरचीचे देठ खुडत होते. त्यांनी आकडा बघितला, बोलले काहीच नाहीत.