द्रोणातले फूल

२०१९ साली मी शाळेतून सेवानिवृत्त झालो, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक कुंडी भेट दिली. तीत एक्मिया नावाचे रोप होते. करड्या-हिरव्या रुंद पानांवर रुपेरी पट्टे, कडांना बारीक काटे. आणि मधोमध, पाने एकमेकांना बिलगल्यामुळे तयार झालेला खोल द्रोण!

हे रोप मूळचे ब्राझीलचे, ब्रोमेलियाड कुळातले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी भारतात आणलेला अननस हा याचाच भाऊबंद. रानात एक्मिया मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढते. पण ज्या फांदीवर बसायचे, तिचा थेंबभरही रस ते शोषीत नाही. मुळांनी आधार धरावा आणि द्रोणात साठलेले पावसाचे पाणी पानांनी प्यावे, अशी त्याची रीत. म्हणून मीही माती केवळ ओलसर ठेवून द्रोणात पाणी घालीत असे. डास होऊ नयेत म्हणून ते दर आठवड्यास बदलीत असे.

दुसऱ्या वर्षी द्रोणातून गुलाबी तुरा वर आला. जिला आपण पाकळी समजावे, ती खरोखर रंगीत पानेच होती. खरी फुले त्यांच्या आडून डोकावणारी, इवलीशी आणि निळी-जांभळी. तुरा कित्येक महिने टिकला. मग रोप कोमेजू लागले. कारण ते एकदाच फुलते. परंतु त्याच्या बुडाशी दोन फुटवे आले होते.

मला धीर धरवेना. बोटभर उंचीचा एक फुटवा कापून मी वेगळ्या कुंडीत लावला. त्याला अजून मुळेच फुटली नव्हती. पंधरा दिवसांत तो कुजून गेला. मला फार वाईट वाटले. "मुलांची घाई करू नका," असे पालकांना आयुष्यभर सांगणारा मी. आणि घाई मीच केली!

दुसऱ्या फुटव्याला मी हात लावला नाही. जुने रोप सुकून विद्रूप दिसू लागले. "फेकून द्या ते," असे शेजारी म्हणाले. पण त्या सुकत्या पानांतूनच पिलाचे पोषण चालले होते. ते आईच्या निम्म्या उंचीचे झाले, तेव्हाच मी त्याला वेगळे केले. ते जगले.

परवा तो विद्यार्थी घरी आला होता. कुंडीकडे पाहून म्हणाला, "सर, फूल कधी येणार?"

मी म्हणालो, "येईल. त्याची वेळ झाली की येईल."