एका कीबोर्डवरचे दोघे

गेल्या मे महिन्यात नातीने आम्हांला संगणकापुढे बसविले, तेव्हा पडद्यावरील खेळांविषयी आमचे मत फारसे बरे नव्हते. 'फायरबॉय अँड वॉटरगर्ल' हा ओस्लो अल्बेट यांचा २००९ सालचा खेळ. तो ब्राउझरमध्येच चालतो. तांबडा मुलगा आगीतून सुखरूप जातो, पाण्यात पडला की संपला. निळ्या मुलीचे नेमके उलटे. हिरवा चिखल दोघांनाही घातक. तो बाणांच्या कळांवर चालतो, ती डब्ल्यू, ए, डी या कळांवर. एकट्यालाही दोन्ही हातांनी खेळता येते. पण डावा हात उजव्यावर रुसत नाही, मग त्यात मौज ती काय?

एकाने बटणावर उभे राहावे, तेव्हा दुसऱ्यासाठी वाट मोकळी होते. आणि दोघेही आपापल्या दाराशी पोहोचल्यावाचून टप्पा सुटत नाही. आम्ही मात्र तांबडे हिरे वेचीत पुढे धावत होतो, आणि मागे तिची वाट बंद होत होती.

"आजोबा, तुम्ही थांबतच नाही!"

हेच शब्द आमच्या मुलाने घर सोडताना ऐकविले होते. येथे चुकले तर टप्पा तेवढा आरंभापासून खेळावा लागतो.

२०२० अखेर फ्लॅश हे तंत्र बंद पडले. नव्या तंत्रात उतरविल्यामुळे हा खेळ टिकला. एका रविवारी मुलगा तिला न्यायला आला आणि आमच्या खुर्चीमागे उभा राहिला. नातीने उठून त्याला आपली जागा दिली.

आम्ही बटणावर उभे राहिलो.