दुधात आलेला धान

रोवणी संपत आली होती तेव्हा माझी लेक जन्मली. पाचव्या दिवशी आईने मला गोंदियाहून नागऱ्याला आणलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बांध्यांत नुकताच रोवलेला धान पाण्यात उभा होता. पिवळट, मान टाकलेला. आई म्हणाली, "मुळं धरू दे त्याले. मग पाय कसा हिरवा होते." माझं लक्षच नव्हतं. मांडीवरचं लेकरू रडायला लागलं होतं, आणि रडणं म्हणजे पाजणं, पाजणं म्हणजे कळ, एवढंच मला त्या चार दिवसांत कळलं होतं.

पाजणं शिकावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नऊ महिने डिंक, खारीक, सोनोग्राफी, बाळंतविडा, सगळ्यांवर बोलणं झालं. दुधाचा विषय निघाला की सगळ्या म्हणत, ते काय, येतेच. आलंही. पण मला देता येईना आणि लेकीला घेता येईना. ती नुसतं टोक पकडायची. दोन्हीकडे चिरा पडल्या. मग एका रात्री छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण भरली, आणि इतकं दूध साठूनही लेकरू उपाशीच रडत राहिलं. श्रावण होता. पहाटे शंकराच्या देवळातली घंटा ऐकू यायची. पिंडीवरच्या गळतीतून संथ पडणारं पाणी मला बाजेवर पडल्या पडल्या दिसायचं, आणि आपल्याला तेवढंही जमू नये याचं रडू यायचं.

आजी उशाशी बसून असायची. एका रात्री ती आपणहून बोलली. तिच्या वेळी पहिले तीन दिवस बाळाला अंगावर घेऊच देत नसत. गुळाचं पाणी, मधाचं बोट. "गाईच्या चिकाचा खरवस करत होतो नं आपला चीक मातीत पिळत होतो, बाई," ती म्हणाली आणि बराच वेळ गप्प राहिली. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीकही पुरतो, कारण त्याचं पोटच तेवढं असतं. त्या पिवळ्या चमच्यात रोगांशी लढणारी द्रव्यं दाटून भरलेली असतात. आजीला हे सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तिची दोन लेकरं गेली होती. त्या रात्री तिने त्यांचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी पावडरचा डबा सुचवला. 1992 च्या कायद्याने अशा डब्याची जाहिरात करता येत नाही, आणि आईचं दूधच सर्वोत्तम हे डब्यावरच छापावं लागतं. कायदा चांगलाच आहे. पण रात्री दोन वाजता ते वाचून कुणाच्या चिरा भरून येत नाहीत. तिथे जवळ बसणारं माणूस लागतं.

ते माणूस सातव्या दिवशी आलं. गावातल्या आशाताई, खांद्याच्या पिशवीत काटा आणि थर्मामीटर. या फेरीचं मूळ शेजारच्याच गडचिरोलीत आहे, हे मला पुढे कळलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. 2011 पासून देशभर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या दारात येऊ लागल्या. गडचिरोलीच्या त्या बायकांचे हात असे माझ्या बाजेपर्यंत पोचले होते.

लेक काट्याच्या झोळीत लोंबकळली. वजन जन्मापेक्षा थोडं कमी भरलं. माझा चेहरा पाहून ताई म्हणाल्या, "सुरुवातीले उतरतेच. पंधरा दिवसांत भरून येते. लंगोट किती ओले होतात ते मोजा. सहा-सात झाले की पोट भरलं समजा." मग त्या माझ्या पाठीशी येऊन बसल्या. "तुम्ही लेकरावर वाकू नका, ताई. लेकराले तुमच्याकडे आणा." बाळाचं पोट माझ्या पोटाला, नाक टोकासमोर. थांबा. अजून थांबा. तोंड जांभई दिल्यासारखं उघडलं, आणि त्यांनी माझाच हात धरून तिला झटकन जवळ घेतलं. हनुवटी रुतली, भोवतालचा काळा भागही तोंडात गेला. दुखेना. खोलीत गिळण्याचा आवाज येत राहिला. आईने पदर डोळ्यांना लावला.

लगेच सगळं सोपं झालं नाही. ताठलेल्या छातीला ओल्या फडक्याचा शेक द्यायचा, थोडं हाताने काढून ती मऊ करायची आणि मग पाजायचं, हे रोज चाललं. काळजीने पान्हा अडतो, हेही अनुभवलं. त्यावर आईचा उपाय मोठा होता: लंगोट तिने धुतले, भेटायला येणाऱ्यांना ओसरीवरच बसवलं, आणि "दूध पुरत नसेल" हे वाक्य घरात कुणाला बोलू दिलं नाही.

समोरच्या घरातलं बाळ दोन महिन्यांचं होतं. त्याची आई रोवणीला जायची, बाळ आजीकडे. दुपारी चिखलात उभ्या उभ्या तिचा पोलका ओला व्हायचा. मला 26 आठवड्यांची पगारी रजा होती. सहा महिने फक्त आईचं दूध, असं तिलाही सांगितलं गेलं होतं. तिच्या मजुरीचं काय, ते कुणी सांगितलं नाही. हे मला आजही सहन होत नाही.

आश्विनात धान निसवला. आईने बांधीवरून एक लोंबी आणली आणि दाणा नखाने दाबून दाखवला. पांढरा थेंब आला. मी लेकीला घेऊन बसले होते. समोरच्यांची सात वर्षांची पोरगी दाराशी येऊन टक लावून पाहत होती, तोंड कसं उघडलं, हात कुठे धरला. पूर्वी पोरी असंच बघून शिकायच्या. मी सवयीने पदर ओढायला गेले. आजीने माझा हात धरला आणि पोरीला म्हणाली, "ये, जवळ येऊन पाय."