कुंतालाच्या धबधब्यापाशी

पांढरकवड्याहून दक्षिणेस निघून आम्ही पैनगंगा ओलांडली व आदिलाबाद जिल्ह्यात शिरलो. सीमेपलीकडेही मराठी कानी पडतच होती. पुढे नेरडिगोंडा गावाजवळ, गोदावरीस मिळणारी कडेम नदी सुमारे ४५ मीटर उंचीच्या कड्यावरून कोसळते. हाच कुंतालाचा धबधबा.

येथे येणारी कुटुंबे मोबाइलवर छायाचित्रे घेतात. मागील कॅमेरा वापरला, तर छायाचित्र घेणारा बापच त्यात नसतो! पुढील कॅमेरा वापरावा, तर पाण्याकडे पाठ करावी लागते. आणि निसरड्या खडकावर मागे टाकलेले एक पाऊलही जिवावर बेतते. २०१३ सालच्या गॅलॅक्सी एस-४ व २०१७ सालच्या नोकिया ८ या फोनांत दोन्ही कॅमेरे एकाच वेळी चालविण्याची सोय होती. आता ती इतर काही फोनांतही आहे. तोंड धबधब्याकडेच ठेवावे. कोसळते पाणी व पाहणाऱ्याचा चेहरा एकाच चित्रात उमटतात.

तथापि डोळे पडद्यावर खिळले, की पायांखालचा खडक दिसत नाही. म्हणून प्रथम काठापासून दूर, कोरड्या व सपाट जागी उभे राहावे, मुलांना वडीलधाऱ्यांच्या हाती सोपवावे आणि मगच बटण दाबावे, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.