चंद्राची पाठ

चंद्राला स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात तो पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा पुरी करतो. म्हणून आपल्याला दिसते ते त्याचे तोंड. पाठ तो कधी दाखवीत नाही. ७ ऑक्टोबर १९५९ रोजी सोव्हिएत रशियाच्या 'ल्यूना-३' यानाने तिची पहिली छायाचित्रे घेतली. पाहावे तो काय, तिथे ससा नाही, हरिण नाही. जिकडेतिकडे विवरेच विवरे! दक्षिणेकडे तर सुमारे अडीच हजार किलोमीटर रुंदीचे एक प्रचंड खोरे.

वर्गात प्रश्न हमखास येतो, "सर, मागच्याच बाजूला एवढे दगड कसे आदळले?" खरे तर मारा दोन्ही बाजूंनी सोसला. आपल्याकडच्या बाजूचे कवच पातळ. तिथे आतला लाव्हा वर आला आणि मोठमोठी खोरी भरून निघाली. तेच आपले काळे डाग. पलीकडचे कवच जाड. तिथले घाव उघडेच राहिले.

माझी आई माहेरची कानडी. लग्नानंतर ती मराठीत अशी मिसळली, की ओव्या, म्हणी, रागावणे सारे मराठीतच. शेवटच्या आजारात मात्र ती कानडीतून बोलू लागली. बाजारहाटापुरते कानडी मला येते. पण तिच्या खेड्यातले ते कानडी मला उमगेना. शेजारच्या आजींना बोलावले, तेव्हा कळले की ती लहानपणीच गेलेल्या आपल्या भावाला हाका मारीत होती. असा एक मामा आपल्याला होता, हेच आम्हां भावंडांना ठाऊक नव्हते.

चंद्राच्या पाठीवर आता याने उतरतात. २०१९ साली चीनचे 'चांग-ई ४' उतरले. २०२४ साली 'चांग-ई ६'ने तिथली सुमारे दोन किलो माती आणली. तिथल्या विवरांना होमी भाभा, जगदीशचंद्र बोस, कल्पना चावला यांची नावेही आहेत.

लोक त्या बाजूला काळी बाजू म्हणतात, ते खरे नव्हे. तिथेही पंधरवडाभर ऊन असते. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाची अमावास्या असते, तेव्हा ती बाजू पूर्ण उजळलेली असते. आपल्या दुभाषी मुलुखात अशी एखादी पाठ घरोघरी असते. घरात वडीलधारे माणूस असेल, तर यंदा फराळाला बसताना त्याला त्याच्या पहिल्या भाषेत बोलते करा आणि ऐकत राहा.