मी वाचलेली चित्रकथा : अनवाणी गेन

'कॉमिक्स' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उडणारे सुपरहिरो, चाचा चौधरी, टिंकलमधला सुपंडी, नाहीतर अमर चित्र कथेतले राजे आणि ऋषी. आणि घरातून येणारा आवाज, "ते चित्रांचं पुस्तक ठेव आणि अभ्यासाला बस!" पण मी नुकतीच एक अशी चित्रकथा मालिका वाचून संपवली, की ती वाचणं हाच एक अभ्यास आहे असं मला वाटतं. आज तिच्याविषयीच सांगतो.

या मालिकेचं नाव 'हादाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन'. जपानी चित्रकथांना 'मांगा' म्हणतात. केइजी नाकाझावा यांनी ही मांगा १९७३ साली मुलांच्या एका साप्ताहिकात लिहायला आणि काढायला सुरुवात केली. तिचे एकूण दहा खंड आहेत. मी ते इंग्रजी अनुवादातून वाचले. भाषा सोपी आहे. आठवी-नववीच्या मुलांना सहज समजेल.

गेन हा हिरोशिमातला एक खोडकर मुलगा. वडील युद्धाच्या विरोधात उघडपणे बोलतात, म्हणून शेजारीपाजारी या कुटुंबाला देशद्रोही ठरवतात. घरात खायला पुरेसं नाही. तरी गेन आणि त्याचा धाकटा भाऊ शिंजी यांची दंगामस्ती चालूच असते. एका खेळण्यातल्या जहाजासाठी शिंजी कसा हट्ट धरतो ते वाचताना तुम्हाला तुमचंच घर आठवेल. वडील मुलांना सांगतात, गव्हासारखे व्हा. गहू थंडीत उगवतो, पायाखाली तुडवला जातो, तरी ताठ उभा राहतो.

मग ६ ऑगस्ट १९४५ ची सकाळ येते. सव्वाआठ वाजता अणुबॉम्ब पडतो. शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे गेन वाचतो. वडील, बहीण आणि शिंजी मात्र कोसळलेल्या घराखाली अडकतात आणि आग जवळ येत जाते. ती पानं वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. पुन्हा उघडायला दोन दिवस लागले.

मित्रांनो, हे सगळं कल्पनेतून आलेलं नाही. नाकाझावा स्वतः त्या दिवशी हिरोशिमात होते, वय सहा वर्षे. शाळेच्या भिंतीमुळे तेही वाचले आणि वडील, बहीण, भाऊ यांना त्यांनी असंच गमावलं. पुढे १९६६ साली त्यांची आई वारली. दहनानंतर पाहिलं तर तिची हाडंही शिल्लक राहिली नव्हती, नुसती राख होती. त्या रागातून आणि दुःखातून त्यांनी अणुबॉम्बवर लिहायचं ठरवलं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की लेखक फक्त बॉम्ब टाकणाऱ्यांना दोष देऊन थांबत नाही. तो आपल्याच देशाच्या राज्यकर्त्यांना, युद्धाचा जयजयकार करणाऱ्यांना आणि संकटातही भेदभाव करणाऱ्यांना जाब विचारतो. गेनचे शेजारी पाक हे कोरियन आहेत. सगळे तोंड फिरवतात तेव्हा तेच या कुटुंबाला मदत करतात. पण त्यांच्या जखमी वडिलांना मात्र कोरियन म्हणून उपचार नाकारले जातात!

सगळंच आवडलं असं नाही. वडील मुलांना फार मारतात, पात्रं सारखी ओरडतात आणि शेवटच्या काही खंडांत त्याच त्याच गोष्टी येतात. पण गेन मोठ्याने गाणी म्हणतो, टक्कल पडलं तरी थट्टा करतो. त्यामुळे एवढ्या दुःखातही आपण पान उलटत राहतो.

जपानमध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ साली ही पुस्तकं शाळांच्या ग्रंथालयात मुलांना सहज मिळणार नाहीत अशी ठेवायला सांगितली होती. त्यातली क्रूर दृश्यं हे कारण होतं. त्यावर बरीच टीका झाली आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. मला विचाराल तर अगदी लहान मुलांना ही मालिका देऊ नये. पण तुमच्या वयाच्या मुलांपासून ती लपवूही नये. इतिहासाच्या पुस्तकात हिरोशिमा दोन-चार ओळींत संपतं. सन पाठ होतो, गुण मिळतात. त्या ओळींच्या आत शिंजीसारखी किती मुलं होती, हे पाठांतरातून कळत नाही.

तेव्हा मित्रांनो, संधी मिळाली तर पहिला खंड जरूर वाचा. एकट्याने वाचू नका. ताई-दादा, आई-बाबा किंवा सरांबरोबर वाचा आणि मनात येतील ते प्रश्न त्यांना विचारा. पुढच्या वेळी कोणी "युद्ध झालंच पाहिजे" असं म्हणालं, तर "त्यात कोणाची घरं जळतील?" एवढं तरी तुम्ही नक्की विचाराल.